पालखी अंगणात आली, पण गिरणीवर दळण मिळेना

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात काम करणारी एक लहान संस्था. वर्षभरात तिच्याकडे वाळीत टाकल्याची तीन प्रकरणं आली: एक गावकीचं (गावाचा कारभार पाहणाऱ्या पंचांचं), एक मुस्लिम जमातीचं, एक बौद्धवाडीतलं. संविधान आणि कायदा सांगितला की लोक मान डोलावतात आणि उठून जातात. म्हणून सर्व धर्मांच्या प्रमुखांना एका व्यासपीठावर आणून ‘धर्म आणि मानवी हक्क’ अशी परिषद भरवायचा विचार आहे. संस्थेतल्या काही जणांना मात्र या कामात धर्माची मदत घेणंच पटत नाही. सुरुवात कुठून करावी, असं विचारलं आहे.

परिषद आत्ता घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हॉलची आगाऊ रक्कम दिली असेल तर परत मागता येईल.

मी १९९८ पासून रायगड-रत्नागिरी पट्ट्यात हेच काम करते आहे. अशा दोन परिषदा मीही भरवल्या. दुसरीचा फोटो आमच्या कार्यालयात अजून लटकतोय: एक महाराज, एक मौलाना, एक भन्तेजी, एक फादर, सगळ्यांचे हात एकमेकांत गुंफून वर. फोटोत बाई एकही नाही, मी धरून. कारण मी फोटो काढत होते. आणि त्या दिवशी व्यासपीठावरच्या कोणालाही जिल्ह्यातल्या वाळीत असलेल्या एकाही घराचं नाव ठाऊक नव्हतं. आम्हीच सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाला गालबोट नको, हा आमचा शहाणपणा.

त्याच सुमारास एक प्रकरण माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही. देवस्थानच्या जमिनीवरून एका कुटुंबानं दिवाणी दावा लावला आणि गावकीनं त्यांना वाळीत टाकलं. शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात यायची बंद झाली. म्हाताऱ्या आजोबांना बाकी कशाचं फारसं वाटत नव्हतं, पण पालखीचं शल्य त्यांना झोपू देत नव्हतं. मी पंचक्रोशीत मान असलेल्या एका कीर्तनकारांना गाठलं. ते आले, बोलले, पारावर बैठक झाली आणि पुढच्या शिमग्याला ढोल वाजत पालखी त्या अंगणात आली. आजोबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, बायकांनी ओट्या भरल्या, सगळे रडले. मीही रडले. वर्तमानपत्रात चौकट छापून आली.

तीन महिन्यांनी त्या घरातली सून मला एसटी स्टँडवर भेटली. हातात दळणाचा डबा होता. तालुक्याला दळायला आली होती, कारण गावच्या गिरणीवर अजूनही ‘वीज नाही’ हेच उत्तर मिळत होतं. तिच्याकडून मला दुसरी गोष्ट कळली. पालखी यावी म्हणून तिच्या सासऱ्यानं देवाच्या नावानं दंड भरला होता. तिच्या गळ्यातलं विकून. बैठकीत हे ठरलं तेव्हा कीर्तनकार उठून गेले होते आणि मी बाहेर गाडीपाशी उभी होते. आम्हाला वाटत होतं, समेट झाला.

धर्माच्या आधारानं हक्कांचं काम करताना काय होतं आणि काय राहून जातं, ते मला त्या डब्यानं शिकवलं. तेव्हापासून माझा एकच हिशेब आहे. धर्माधिकारी माणसाला मी साक्षीला बोलावते. निवाडा त्याच्याकडे देत नाही. आणि निकाल लागला की नाही हे त्या घरातल्या बाईला विचारते.

आता तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप. तो हलका नाही, आणि त्याला चांगला इतिहास आहे. मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तो कायदा रद्द ठरवला. बहुमताचं म्हणणं होतं की धार्मिक कारणावरून एखाद्याला समाजाबाहेर काढणं हा त्या संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे आणि त्याला अनुच्छेद २६चं संरक्षण आहे. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे वेगळे पडले. माणसाला त्याच्याच समाजात अस्पृश्यासारखं करून टाकणाऱ्या प्रथेला आळा घालणारा हा कायदा आहे, असं ते म्हणत होते. त्यांचा मुद्दा अजून जिवंत आहे: फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं १९६२च्या निकालाचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

म्हणजे धर्मस्वातंत्र्य हे दोन्ही बाजूंचं हत्यार आहे. अनुच्छेद २५ व्यक्तीला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो आणि ते मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींना अधीन ठेवतो. अनुच्छेद २६ संप्रदायाला स्वतःचा कारभार चालवायचा हक्क देतो, आणि त्यात ही ‘इतर तरतुदींना अधीन’ची अट लिहिलेली नाही. जमातीचे किंवा गावकीचे वकील २६ वर बोट ठेवतील. वाळीत पडलेला माणूस २५ मागत असतो: मला मशिदीत जायचंय, मला पालखी खांद्यावर घ्यायचीय. तोही श्रद्धेचाच हक्क मागतोय, हे आपल्या पुरोगामी मंडळींच्या पटकन लक्षात येत नाही. आजोबांना पालखी हवी होती. ‘कशाला हवी ती पालखी’ असं त्यांना सांगणारा कार्यकर्ता गावकीचंच काम सोपं करतो.

आज आपल्या हातात २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. विधिमंडळानं तो २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळून जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. त्यामुळे ‘आता सगळे आत जाणार’ अशी भाषा पीडित कुटुंबासमोर कधीही करू नका. आरोपी संध्याकाळी घरी येतात आणि मग त्या घराची रात्र अवघड जाते. तक्रार पोलिसांकडे देता येते किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे. पोलीस ‘तुमचं गावातलं आपसात मिटवा’ म्हणाले तर दुसरा रस्ता मोकळा आहे, हे बऱ्याच वकिलांनाही सांगावं लागतं. बहिष्काराचा ठराव करण्यासाठी बैठक भरणार असं आधीच कळलं, तर जिल्हाधिकारी ती रोखू शकतात. आणि गुन्हा आपसात मिटवता येतो, पण पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच. पारावर मिटवलेलं प्रकरण कायद्याच्या लेखी मिटलेलं नसतं. माझ्या त्या कीर्तनकारांच्या बैठकीच्या वेळी हा कायदा नव्हता, ही माझी पळवाट आहे. पण असता तरी मी गाडीपाशीच उभी राहिले असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कायदा असा भक्कम असताना धर्म मध्ये कशाला? कारण वाळीत टाकण्याला कागद नसतो. कोणी ठराव लिहीत नाही. गिरणीवर वीज नसते, रिक्षा दुसरीकडे चाललेली असते, मयताला खांदा द्यायला नेमके सगळे तापानं पडलेले असतात. साक्षीदार उभा राहायला हवा आणि तो त्याच वाडीतला असायला हवा. त्याला ‘खरं बोलणं हे माझ्या देवाचंही म्हणणं आहे’ असा आधार मिळाला तर तो उभा राहतो. माझ्या अनुभवात धर्माचा खरा उपयोग इथे होतो, साक्षीदाराच्या पाठीच्या कण्यात.

यासाठी कोणाकडे जायचं, हे प्रत्येक समाजात निराळं आहे. ‘सर्व धर्मांचे प्रमुख’ हा शब्दच फसवा, कारण ज्याचं चालतं तो क्वचितच प्रमुख म्हणून ओळखला जातो.

गावकीचं प्रकरण घ्या. तुम्ही वारकरी महाराजांकडे जाल, मीही तेच केलं. पण कोकणात ग्रामदेवतेचा कारभार मानकऱ्यांचा आणि गुरवाचा. पालखीवर महाराजांचा काडीचा अधिकार नाही. आणि मानकऱ्यांच्याही वर मुंबई मंडळ असतं, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ. गावातले म्हातारे ‘मुंबईकर काय म्हणतात बघू’ म्हणतात तेव्हा टाळत नसतात, खरं सांगत असतात. वर्गणी तिथून येते, देवळाचा जीर्णोद्धार तिथून होतो, आणि वाळीत टाकण्याचा निर्णयही पुष्कळदा लालबाग-परळच्या नाहीतर विरार-नालासोपाऱ्याच्या एखाद्या खोलीत रविवारी होतो. मी आता गावात जाण्याआधी त्या रविवारच्या बैठकीला जाते. तिथे चाळिशीतली मुलं असतात, कंपनीत नोकरी करणारी, पासपोर्ट काढायला टाकलेली. गुन्हा नोंदला गेला तर पोलीस पडताळणीत काय अडेल, एवढं शांतपणे समजावलं की वातावरण बदलतं. यात अध्यात्म काही नाही, मान्य आहे.

कौलाचा, म्हणजे देवाला प्रश्न घालून घेतलेल्या उत्तराचा, प्रश्न मात्र येईल. ‘देवानंच कौल दिला, आम्ही कोण’ असं म्हणतील. त्यावर कौल खरा की खोटा हा वाद घालायचा नाही. घातलात तर गुरव, मानकरी आणि खुद्द वाळीत पडलेलं कुटुंब असे सगळे एका बाजूला जातात आणि तुम्ही दुसऱ्या. मी एकदा एवढंच विचारलं होतं, देवाला प्रश्न काय घातला होता? कोणालाच आठवेना. मग वृद्ध गुरव म्हणाले, ‘ह्यांना बाहेर ठेवू का, असं विचारलं. आत घेऊ का, असं कोणी विचारलंच नाही.’ बैठकीत शांतता पसरली. पुढचं काम त्या एका वाक्यानं केलं, माझ्या पुस्तिकेनं नाही.

महाराजांचा उपयोग दुसरीकडे होतो. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं. काला म्हणजे सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून खाणं. एकाला त्यातून वगळलं की तो काला उरतच नाही, हे सांगायला कुठलाही अनुच्छेद लागत नाही आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजतं. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं. त्याआधी ते गावोगाव फिरले होते, तेही याच भाषेत बोलत: विठ्ठलाच्या पायाशी भेद कसा? भक्ताच्या तोंडून आलेली मागणी बडव्यांना परकी म्हणून झटकता येत नव्हती. महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. देवळाबाहेर. वारकऱ्याला तिच्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही, नुसतं आठवण करून दिलं तरी पुरतं.

पण हेच सगळं घेऊन बौद्धवाडीत जाऊ नका. माझी ही चूक तुम्ही टाळा. चोखोबांचं नाव काढल्यावर एका विहारात एक बाई मला म्हणाल्या, ‘ताई, ते बाहेरच राहिले ना? आम्ही निघून आलो.’ काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली, १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली. ज्या समाजानं दारावर पाच वर्षं थांबून पाहिलं, त्याला तुम्ही दाराच्या आतल्या प्रेमाच्या गोष्टी काय सांगणार? तिथे वेगळा आधार आहे आणि तो जास्त सरळ आहे. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान आहेत असं मानण्याची आणि समतेची स्थापना करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. वाळीत टाकणारे पंच आणि वाळीत पडलेला, दोघांच्याही घरात या प्रतिज्ञा भिंतीवर असतात. गावात भन्तेजी वर्षातून कधीतरी येतात; लग्न लावतात, पुण्यानुमोदन करतात ते बौद्धाचार्य. त्यांच्याकडे जा. आणि हे प्रकरण बाहेर काढताना तुमच्या संस्थेतला सवर्ण कार्यकर्ता पुढे ठेवू नका. ‘बघा, यांच्यातही आहेच की’ असं म्हणायला टपलेले लोक तालुक्यात कमी नाहीत, आणि त्या भीतीनंच वाडीतली माणसं गप्प बसतात. अन्याय घरात झाला म्हणून लहान होत नाही, पण तो कोणाच्या तोंडून चावडीवर जातो याला महत्त्व आहे.

जमातीच्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय की नवऱ्याविरुद्ध पोलिसांत गेलेल्या बाईच्या माहेरच्यांशी जमातीनं व्यवहार तोडला आणि तिच्या भावाच्या निकाहाला कोणी येऊ नये असा निरोप फिरवला. इथे दोन गोष्टी लगेच करा. निकाहाला जमातीची परवानगी लागत नाही. दोन साक्षीदार, दोघांची कबुली आणि कोकणातल्या शाफई रिवाजाप्रमाणे मुलीचा वली (बापासारखा पालक), एवढं लागतं. शेजारच्या गावातले मौलाना तयार होतात का पाहा, माझ्या अनुभवात होतात, फक्त लेखी काही मागू नका. दुसरं, तिच्या घरातल्या वृद्धांना विचारा की त्यांना कशाची भीती वाटते. बहुतेक वेळा उत्तर कब्रस्तान हेच असतं. लग्न मुंबईत उरकता येतं, मातीचं काय?

याबाबत मला एका पेशइमामांनी (मशिदीत नमाज पढवणाऱ्यांनी) जे शिकवलं ते मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नसते. जनाज्याची नमाज ही फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली तर सगळ्यांची सुटका, कोणीच केली नाही तर गुनाह सगळ्या वस्तीवर. म्हणजे जनाज्यावर बहिष्कार घालण्याचं फर्मान काढणारा माणूस सगळ्या गावाला गुन्हेगार करतो. त्यांनी हे जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही, प्रकरणाचा उल्लेख केला नाही. पुढच्या महिन्यात त्या घरातले आजोबा गेले, तर मातीला अर्ध्याहून जास्त जमात हजर. मी कब्रस्तानाच्या बाहेर उभी होते, आणि त्या दिवशी बाहेर उभं राहणं हेच माझं काम होतं.

इथे तुमचे नाराज सहकारी विचारतील: मग उद्या त्याच पेशइमामांनी तलाकच्या प्रश्नावर बाईच्या विरोधात बयान केलं तर? करतील. केलंही आहे, एकानं. म्हणून तर साक्ष आणि निवाडा वेगळे ठेवायचे. तुमच्याच जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी हा प्रश्न सगळ्यात टोकदारपणे मांडला. १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. कुराणात काय लिहिलंय यावर ते मागणी उभी करत नव्हते. नागरिक म्हणून हक्क मागत होते. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि समाजातली माणसं फार थोडी त्यांच्यासोबत आली. पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं दुसरा रस्ता घेतला. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्यावं यासाठी त्या उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा संविधानातली समता आणि श्रद्धेतला आधार दोन्ही त्यांनी मांडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, ऑक्टोबरमध्ये दर्ग्याच्या ट्रस्टनं सर्वोच्च न्यायालयात तयारी दाखवली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बायका आत गेल्या. त्याच वर्षी गुढीपाडव्याला शनी शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला, तोही १९५६ सालच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याकडे उच्च न्यायालयानं बोट दाखवल्यावर. दोन्हीकडे श्रद्धाळू बायका होत्या आणि दोन्हीकडे शेवटची कडी न्यायालयानं काढली.

मला स्वतःला दलवाईंचा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो आणि दुसरा जास्त चालणारा वाटतो. या दोन वाटण्यांत मी पंचवीस वर्षं काढली आहेत. तुमच्या संस्थेतले दोन्ही गट तुम्हाला लागतील, एकमेकांना पटवायच्या भानगडीत पडू नका. तक्रार लिहिताना पहिला गट पुढे, घरी जाताना दुसरा.

अंधश्रद्धेच्या बाजूनं येणारी प्रकरणं वेगळी हाताळावी लागतात, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच, की कोणावर करणी केल्याचा आरोप करून वाळीत टाकलं असेल तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही लावता येतो आणि त्यातला गुन्हा अजामीनपात्र आहे. तो कायदा ‘धर्माविरुद्ध’ आहे असं कोणी म्हणालं तर त्याचं बारावं कलम वाचून दाखवा. कीर्तन, भजन, प्रवचन, प्रदक्षिणा, यात्रा यांना हा कायदा लागू नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. मी ते कलम मोठ्या अक्षरात छापून पाकिटात ठेवते. एका मानकऱ्यांनी ते वाचून ‘एवढंच होय?’ म्हटलं होतं आणि चहा मागवला होता.

ख्रिस्ती समाज तुमच्याकडे संख्येनं थोडा आहे आणि तुमच्या तिन्ही प्रकरणांत नाही. चित्र पूर्ण दिसावं म्हणून फादरना व्यासपीठावर बसवायचं, हा त्यांच्यावरही अन्याय. फादरांकडून शिकायचंच असेल तर वसईकडे बघा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीत पाण्याचा, जमिनीचा लढा लढवला तेव्हा त्यांच्यासोबत सगळ्या धर्मांचे वसईकर होते, आणि त्यांना एकत्र आणलं होतं ते आटत चाललेल्या विहिरींनी.

२०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या पुढाकारानं बैरुतला एक जाहीरनामा झाला, श्रद्धा आणि हक्क यांना जोडणारा, अठरा वचनांचा. तुमच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात तो जरूर वाचा, चांगला आहे. देणगीदारांना अर्ज करतानाही उपयोगी पडतो. गावात त्याचं नाव काढू नका. परदेशी निधी असेल तर त्यासाठीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, तेव्हा गावातल्या देवस्थान-जमातींसोबत ‘भागीदारी’चे आराखडे कागदावर मांडण्याआधी लेखापरीक्षकाला विचारा. आणि तसंही, बाहेरच्या पैशानं धर्माच्या नावानं काम सुरू केलं की पहिली अफवा धर्मांतराची उठते. आम्ही अशा बैठकांना चहापाणीसुद्धा गावातल्याच माणसांकडून घेतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तिन्ही घरांतल्या बायकांना वेगवेगळ्या भेटा, पुरुषांसमोर नाही. त्यांना विचारा की काय काय बंद आहे. त्या मोघम सांगणार नाहीत. दूध कोण घालत नाही, मुलाला वर्गात शेजारी कोण बसत नाही, हळदीकुंकवाला किंवा वंदनेला कोणी बोलावणं बंद केलं, दवाखान्यात न्यायला गाडी कोण नाकारतं, दंड मागितलाय का, भरलाय का, कशातून भरला. तारखा आणि नावं घालून वहीत लिहा. हीच वही उद्या तक्रारीची फिर्याद होते आणि समेट झालाच तर समेटाच्या अटीही हीच होते. त्यातली एकेक नोंद उलटी फिरली की नाही, हे तीन महिन्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी जाऊन विचारायचं. देवाच्या किंवा समाजाच्या नावानं दंड घेतला असेल तर तो परत मिळाल्याशिवाय हात जोडलेला फोटो काढायचा नाही.

मग त्या वहीच्या आधारानं प्रत्येक ठिकाणी एकच माणूस शोधा: जो त्या श्रद्धेतला आहे, ज्याला तिथे मान आहे, आणि जो नाव जाहीर न करता का होईना, एक वाक्य बोलायला तयार आहे. गुरव असेल, पेशइमाम असेल, बौद्धाचार्य असेल. एखाद्या भजनी मंडळातली आजी असेल. तिला कमी लेखू नका, गावकीच्या बैठकीत तिला बोलावत नाहीत, पण बैठकीला जाणारे तिघे तिचे मुलगे असतात. शोधलेल्या या माणसाला कायदा समजावून सांगा, पण त्याच्या तोंडी घालू नका. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. पोलिसांकडे जायचं की नाही, हे मात्र त्यानं ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. ते कुटुंब ठरवेल, आणि कुटुंब म्हणजे फक्त सासरे नव्हेत.

तुमच्या गावकीच्या प्रकरणात शिमगा जवळ येतोय. चाकरमानी यायच्या आधी मुंबई मंडळाची एक तरी रविवारची बैठक असणार. ती कुठे, किती वाजता, आणि गेल्या वर्षी पालखी कोणत्या घरापासून वळवली, एवढं शोधून मला कळवा. मी येईन बैठकीला. येताना वही आणा, आणि त्या घरातल्या सुनेला विचारून ठेवा, दळण कुठून येतं.